पालखीएवढी महिरप

शाळेत मी शिकलेला शेवटचा शब्द म्हणजे महिरप. मास्तरांनी फळ्यावर तीन तऱ्हेचे कंस काढले होते. एक साधा, एक चौकोनी आणि एक कंबरेत मुडपलेला. "ह्याला महिरपी कंस म्हणायचं," ते म्हणाले, आणि त्याच आठवड्यात आमच्याकडं ज्वारीची काढणी निघाली. मी शेतात गेले ती परत वर्गात बसले नाही. त्या कंसाच्या आत काय लिहायचं असतं ते मला आजतागायत माहीत नाही. मी तो आकार तेवढा पाटीवर पुन्हा पुन्हा काढायची, एक अंगठ्याएवढा, एक हातभर, आणि आई म्हणायची, पेन्सिल संपव अजून.

पुढं लग्न झालं, आणि ते घर सोडून मी निघूनही आले. तिथलं काय ते सांगत बसत नाही. आई-बापानं घरात घेतलं, पण रोज कुणी ना कुणी ओट्यावर बसून "पोरीला नांदायला कधी धाडता" हे विचारायचंच. शेवटी भाऊ मला मुंबईला घेऊन आला. तो अंधेरीच्या एका कारखान्यात लेथवर होता आणि वाकोल्यात भाड्याच्या खोलीत वहिनीबरोबर राहत होता. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मराठवाड्यातून आलेल्या मला तिथली हवासुद्धा ओली वाटायची. वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळीही दमटच. पण त्या खोलीत मला नांदायला कधी जातेस असं कुणी विचारलं नाही. भावाचे आणि वहिनीचे हे उपकार मी कधी विसरणार नाही.

मग कारखान्याला टाळं लागलं. भावानं वर्षभर इकडंतिकडं हातपाय मारून पाहिले आणि एका रात्री जेवताना सांगितलं, "चैत्र झाला की गावी जायचं. बापाची शेती हाय, ती बघायची." वहिनीनं मान हलवली. गावी जायचं म्हणजे पुन्हा तो ओटा, आणि आज ना उद्या पुन्हा ते घर.

भाऊ माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझं इथं काही पक्कं झालं तर राहा बाई. मी आडवा येणार नाही. पण एकटीला सोडून जायचं तर मला काहीतरी बघून जाऊ दे."

काहीतरी म्हणजे काय, तर आमच्या गल्लीच्या टोकाची पत्र्याची शेड. तिथं एक मालवणी कारागीर देवळांसाठी आणि बंगल्यांसाठी नक्षीकाम ओतायचे. कळस, फुलं, कठड्याचे खांब, सिमेंटच्या जाळ्या. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मी तिथं संगमरवराची पूड चाळायला लागले होते, मग साच्याला साबण लावायला, मग ओतलेल्या मालाच्या कडा घासायला. अण्णा जिभेनं तिखट होते. "साच्याक साबण नीट लाव गो, नायतर माल सुटाचो नाय. मगे काय तुझ्या भावाक बोलवू फोडूक?"

एकदा मी त्यांना विचारलं, कमान आणि महिरप ह्यात फरक काय. ते विडी पेटवत होते, ती तशीच राहिली.

"कमान म्हणजे घराचो खांदो. तिच्यावर भिंत उभी रवता. महिरप कायच उचलीत नाय. कमानीच्या आत ती नुसती मिरवता."

"मग करायची कशाला?"

"तुझ्या दारातसून कोण येता? भाजीवालो, पोस्टमन, तू. देव येवचो झालो तर तसोच येतलो?"

त्यांच्या हाताखाली मला हळूहळू कळत गेलं की लोक कशालाही महिरप म्हणतात. नुसता अर्धगोल असला तर ती कमान. भोवती सरळ पट्टी फिरली तर चौकट. लोंबते ती झालर. मंडपवाले झालरीला महिरप म्हणाले की अण्णांचं डोकं फिरायचं. महिरपीला पाकळ्या हव्यात, आतल्या बाजूला वळलेल्या, दोन पाकळ्या मिळतात तिथं टोक निघालेलं. आणि पाकळ्या विषमच, म्हणजे एक बरोबर मधोमध येते आणि दोन्ही बाजू तिच्याकडं चढत जातात. हे कळल्यावर मला ती जिथंतिथं दिसायला लागली. आमच्या नाक्यावरच्या फोटो स्टुडिओत पडद्यावर रंगवलेली होती, तिच्याखाली नवरा-नवरी अवघडून उभी राहायची. गणपतीच्या दिवसांत थर्माकोलच्या महिरपी घेऊन लोक बसमध्ये चढायचे, आणि कंडक्टर म्हणायचा, "ह्याचं पण तिकीट काढ." लग्नपत्रिकेवर सोनेरी शाईत असायची. अण्णांच्या बायकोला मी काकी म्हणायची. त्या माझ्या वहिनीला म्हणाल्या होत्या, "तुझ्या कपाळावर केसांची काय महिरप आसा गो!" वहिनी आठवडाभर आरशासमोर होती.

माझ्या हाताला ती लवकर आली, त्याचं कारण पोळा. आमच्याकडं पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल घालतात, आणि तिच्या काठाला माझी आई नागमोडी कातरलेलं लाल कापड लावायची. कागदाची अर्धी घडी घालायची, अर्धंच काढायचं, कातरायचं आणि उघडायचं. दोन्ही बाजू आपोआप सारख्या. अण्णा सुतळी आणि खिळ्यानं जमिनीवर गोल काढून महिरप आखायचे. मी एकदा वर्तमानपत्र चिकटवून, घडी घालून, कातरून त्यांच्यापुढं उघडलं. त्यांनी ते भिंतीला लावून पाहिलं, डोळा बारीक करून पाहिलं, आणि म्हणाले, "मधली पाकळी थोडी लठ्ठ झाली. बाकी बरां आसा." अण्णांचं "बरां आसा" म्हणजे दुसऱ्याच्या दहा वाहव्या.

भावानं गावी जायचं काढलं त्याच सुमारास वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून काम आलं. देवीच्या देवळाचा सभामंडप नवा केला होता. पुढच्या दोन खांबांच्या मध्ये महिरप हवी होती, चैत्रातल्या पालखीच्या आधी. अण्णांचे गुडघे शिडी चढायला तयार नव्हते. त्यांनी मला समोर बसवलं.

"हेचो कागद तू काढ. माप तू घे. उभी पण तूच करून घे. जमली तर तू पक्की कारागीर. मगे भाव गेलो तरी तू हंयच रवतलंस. काकी माळो झाडून ठेवता."

मी रात्रभर झोपले नाही. माझा स्वभावच तसा. चांगलं काही झालं की आधी धाक वाटतो, आनंद मागाहून.

दुसऱ्या दिवशी वर्सोव्याला गेले. गल्लीत दोन्ही बाजूंना बांबूवर बोंबील वाळत होते, आणि त्या वासानं मला शिंकांवर शिंका. देवळाची सफाई बघणारी एक मावशी होती, सकाळी मासे विकून दुपारी देवळात बसायची. तिनं मला बघून नाक मुरडलं. "तू? मिस्तरी कुठं हाय?"

"मीच."

"अगं बाय," ती म्हणाली आणि मला चहा आणून दिला.

मी पालखीचं माप मागितलं. बाजूच्या खोलीत लाकडी घडवंचीवर पालखी ठेवलेली होती, लाल कापडाखाली. मी सुतळीनं माप घेतलं. घडवंचीपासून कळसापर्यंतची उंची, रुंदी, दांड्याची लांबी. मग तिला उचलणाऱ्यांच्या खांद्याची उंची हवी होती. मावशीनं कोळीवाड्यातला सगळ्यात उंच माणूस बोलावून आणला. तो होडीवरचा तांडेल होता, खलाशांचा म्होरक्या, लुंगीत, अंगाला जाळ्याचा वास. मी त्याच्या खांद्यापर्यंत सुतळी लावली तेव्हा गल्लीतल्या बायका हसून हसून वाकल्या. "काय गं, सदरा शिवतेस काय त्याला?" तो बिचारा ताठ उभा राहिला, पासपोर्टचा फोटो काढत असल्यासारखा.

खांदा अधिक पालखी अधिक वर एक वीत. ह्या हिशोबानं मी कागद काढला, मातीवर उठाव केला, साचा घेतला. पांढऱ्या सिमेंटमध्ये पूड घालून महिरप पाच तुकड्यांत ओतली. मधल्या पाकळीच्या टोकाला एक कळी केली. अण्णांनी माप विचारलं, मी सांगितलं. "पालखीचा घेतलंस मां?" "घेतलं." "मगे ठीक."

टेम्पोतून तुकडे वर्सोव्याला गेले. खांबांना भोकं पाडून लोखंडी टेकू बसवले, तुकडे त्यांवर चढवले, पाचरी मारून उभे केले. दुसऱ्या दिवशी सांधे भरून ती कायमची बसवायची होती. कोळीवाड्याचे पाटील आणि देवळाच्या कमिटीची माणसं खुर्च्या टाकून बसली होती. महिरपीच्या वर, तुळईखाली, अडीच वीत मोकळी पट्टी राहिली होती. तिथं संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं यायची होती, आणि पाटील त्या रिकाम्या जागेकडं बघून आत्ताच वाचत असल्यासारखे ओठ हलवत होते.

"झकास," ते म्हणाले. मी एवढी हलकी झाले की परत निघायच्या आधी चक्क समुद्र बघायला गेले. इतके दिवस येत होते, एकदाही किनाऱ्यावर गेले नव्हते.

किनाऱ्यावर पोरं जमली होती. बँडवाले ताशा तापवत होते. पालखीच्या नाचाची तालीम चालली होती. जुन्या पालखीचा सांगाडा घेऊन आठ-दहा जण वाळूत नाचत होते. मी हसत बघत उभी राहिले. आमच्या गावची पालखी खांद्यावरून चालते, सावकाश, माणसं माना खाली घालून. ही खांद्यावर होती तोवर मला काही वाटलं नाही. मग ताशानं चाल बदलली, आणि त्यांनी ती खांद्यावरून उचलून तळहातांवर घेतली. हात सरळ वर. पुढं तो तांडेल. आणि ती पालखी त्यांच्या डोक्यांवर उड्या मारायला लागली, लाटेवरची होडीच जशी.

मी वाळूतच बसले.

जवळ मावशी होती. मी विचारलं, "देवळातून बाहेर येताना तरी खांद्यावर असते ना?"

"खांद्यावर? आमची आई नाचतच भायेर येते. दारात खाली घेतली तर वरीसभर होऱ्या कशा नाचतील पान्यावर?" ती माझ्याकडं बघत राहिली. "तुला म्हाईत नव्हतं?"

कोण सांगणार? त्यांना वाटलं, पालखी नाचते हे काय सांगायची गोष्ट आहे? आणि मला वाटलं, पालखी म्हणजे पालखी.

मी धावत बस पकडली. सगळ्या वाटेत मनात एकच, की सकाळी काही न बोलता सांधे भरले आणि पालखीच्या दिवशी कळस महिरपीवर आपटला, तर? वाकोल्याला पोचले तेव्हा अण्णा शेडीत पाय पसरून बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, आणि हसायला लागले.

"अगो, आमच्याकडे शिमग्याक असोच नाचवतत! माका वाटला तू बघितलंस. मी मापाचा विचारलंय, नाचाचा खंय विचारलंय?" मग हसू आवरून म्हणाले, "दोघंय शहाणी. आता काय करतलंस?"

करतलंस. करतलंव, म्हणजे आपण करू, असं नाही. त्यांनी काम माझ्या हातातून काढून घेतलं नाही. त्यांच्या त्या एका शब्दासाठी मी अजून त्यांची आठवण काढून हात जोडते.

उपाय मला बसमध्येच सुचला होता, फक्त बोलायचं धाडस नव्हतं. महिरप पक्की झाली नव्हती. सगळीच्या सगळी वर उचलायची, पार तुळईला भिडेपर्यंत. मग पालखी हातांवरसुद्धा निघते, कळसाच्या वर चार बोटं राहतात. फक्त ती अडीच वीत पट्टी संपते. म्हणजे नावं संपतात.

सकाळी अण्णा गुडघे धरत माझ्याबरोबर आले. पाटलांना सांगायचं काम मात्र माझ्याकडंच. कसंबसं सांगितलं. पाटील खुर्चीतून उठले.

"आणि नावं? लोकांना आम्ही शब्द दिला हाय. नावं कुठं जातील?"

"दुसरीकडं लावता येतील."

"दुसरीकडं कुठं, संडासावर? तू माप चुकलीस, ते आमच्या नावावर भरतेस?"

ते चूक बोलत नव्हते. मला डोळ्यांपुढं गावचा ओटा दिसायला लागला.

तेवढ्यात बाजारातून मासळीवाल्या परत येत होत्या, डोक्यावर रिकाम्या पाट्या. मावशीनं त्यांना देवळाच्या पायरीवरच अडवलं आणि मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, काय झालं ते सांगितलं. सगळ्या आत आल्या. एकीनं डोक्यावरची पाटी उतरवली, कमरेवर हात ठेवले आणि महिरपीकडं बघितलं, मग पाटलांकडं.

"तुजं नाव आईला म्हाईत नाय काय रं? पाटी वाचून वलखनार काय ती तुला?"

"तसं नाय..."

"मंग कसं? आई वाकून भायेर येवू दे आनि तुजं नाव ताठ रावू दे?"

मागून कुणीतरी म्हणालं, "लिव की नाव तुज्या होरीवर, कोन अडवतं?" आणि एवढा हशा पिकला की पाटलांनाही हसावं लागलं. ते पुन्हा खुर्चीवर बसले. आत नजर टाकून म्हणाले, "आतल्या भिंतीवर लावू. तिथं पंखा पण हाय, लोक बसून वाचतील."

महिरप उचलली. ज्यांनी पालखी नाचवायची तेच तरुण आले आणि एकेक तुकडा त्यांनी तळहातांवर झेलून धरला, तोवर आम्ही टेकू वर घेतले. पण जुन्या टेकूंची भोकं दोन्ही खांबांवर उघडी पडली, बुजवली तरी डाग दिसले असते. मी त्या भोकांवरून बोट फिरवून बघितलं. मग पांढरं सिमेंट कालवलं, आणि थापी आणि घरचा चमचा घेऊन भोकांवर एकेक मासा घडवायला सुरुवात केली. शेपूट खाली, तोंड वर, जणू महिरप त्यांच्या तोंडातून निघून वर चढली आहे. समुद्र मी काल पहिल्यांदा बघितला होता; मासे मात्र वर्सोव्यात येता-जाता पाटीत रोज दिसायचे.

मागं गर्दी जमली होती. "पापलेट काढते काय?"

"पापलेट असा असतो? हलवा हाय तो."

"हलव्याची शेपूट बघितलीस का कदी?"

"बाय, खवलं घाल, खवलं. नागडा दिसतो."

मी चमच्याच्या कडेनं खवलं घातली. अण्णा खाली बसून विडी ओढत होते. काम संपल्यावर ते उठले, दोन्ही माशांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ह्या माझ्या साच्यात नाय." मला तेव्हा अर्थ लागायला वेळ लागला. ते मला सांगत होते की हे आता माझं आहे.

पालखीच्या दिवशी भाऊ आणि वहिनीही आली. त्यांची बोचकी बांधून झालेली होती. वहिनीनं हळूच विचारलं, "नाही जमलं तर येशील ना गं आमच्याबरोबर?" मी खांबाला टेकून, वर बघत उभी राहिले.

ताशा सुरू झाला. गाभाऱ्याकडून पालखी आली, खांद्यांवर, मग चाल बदलली आणि ती वर गेली. तांडेलाचे हात सरळ ताठ. गुलाल उडाला, मला काही दिसेना. पालखी महिरपीखाली आली आणि ती नुसती गेली नाही. त्या मेल्यांनी ती तिथंच, बरोबर खाली, नाचवली. वर, खाली, वर. दर वेळी कळस माझ्या कळीला शिवतोय असं वाटायचं, आणि दर वेळी मधे चार बोटं उजेड दिसायचा. गुलालानं लाल झालेला उजेड. बायका ओरडत होत्या. मीही ओरडत होते, काय ते मला आठवत नाही. पालखी बाहेर पायऱ्यांवर गेली तेव्हा मावशीनं मला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं.

भावानं महिरपीकडं पाहिलं, माशांकडं पाहिलं, मग अण्णांजवळ गेला. काहीतरी बोलला, अण्णांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. परत येऊन तो वहिनीला म्हणाला, "हिचं बोचकं सोड." वहिनी रडली आणि हसली, आणि कपाळावरचे केस गुलालानं माखले म्हणून चिडलीसुद्धा.

संध्याकाळी तरीच्या होडीतून खाडीपलीकडच्या मढची माणसं आली होती, दर्शनाला. त्यांच्यातला एक म्हातारा महिरपीखाली बराच वेळ मान वर करून उभा होता. मग त्यानं अण्णांना विचारलं, आमच्याकडंही देऊळ बांधतोय, अशी एक करून द्याल का? अण्णांनी माझ्याकडं बोट केलं. "हिका इचारा."

म्हातारा माझ्याकडं वळला. "काय गं बाय, माप घ्यायला कदी येशील?"

"माप मागाहून," मी म्हणाले. "आधी पालखी नाचवून दाखवा."